वापरणारे उरले नाहीत म्हणे

२८ मे

अमरावतीहून वाचनालयाचा कंप्युटर परत आणला आणि येताना तोंड कडू करून आले. आमच्या विहाराच्या वाचनालयात हा एकच कंप्युटर, आणि तो गेल्या आठवड्यातल्या उन्हाने गेला. अकोल्याच्या मे महिन्यात माणसं टिकत नाहीत, डिस्क काय टिकणार! ताहेरने नवी डिस्क घातली, त्यावर नवी लिनक्स सिस्टीम घातली. ताहेर माझा शाळेतला विद्यार्थी. आता अमरावतीत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचे केस माझ्याआधी पांढरे झालेत. सगळं चाललं, फक्त ब्रेल प्रिंटर ज्या जुन्या कार्डाला जोडतो ते कार्ड नव्या सिस्टीमला ओळखूच येईना.

"मॅडम, उसका ड्रायव्हर निकाल दिया उन लोगों ने," ताहेर म्हणाला. "नव्या कर्नेलमधी नाही आता."

"काढला? कोणाले विचारून काढला?"

त्याने स्क्रीनवर इंग्रजीतली एक ओळ दाखवली. मी चष्मा लावून वाचली. अर्थ असा की हे कार्ड फार जुनं आहे, याचे वापरणारे आता कोणी उरले नसावेत, सबब काढून टाकत आहोत.

उरले नसावेत! मी ते कार्ड हातात धरून उभी होते. "मंग आमी काय मेलो?" असं मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस पाहायला आला.

ताहेर म्हणे नवा प्रिंटर घ्या. ब्रेलचा प्रिंटर म्हणजे काय मिक्सर आहे, गेलं आणि घेतलं? हा आम्हाला बंद पडलेल्या एका अंधशाळेकडून मिळाला. जाड कागदावर धडधड करत ठिपके उठवतो आणि अजून ठणठणीत आहे. अडचण प्रिंटरची नाही, मधल्याची आहे. कर्नेल म्हणजे हा मधला. खाली यंत्राचं लोखंड, वर आपले प्रोग्राम, आणि दोघांचं बोलणं याच्यामार्फत. ड्रायव्हर म्हणजे एकेका यंत्राची याला करून दिलेली ओळख. ज्याला हा ओळखत नाही तो घरात असून नसल्यासारखा. असे मधले लोक मला नोकरीत पुष्कळ भेटले आहेत.

एस.टी.त कंडक्टरने मांडीवरच्या कंप्युटरच्या डब्याचं लगेज तिकीट मागितलं. त्यालाही ऐकवलं.

३१ मे

विहार समितीची बैठक. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी आमच्याकडे धम्मग्रंथाचं वाचन होतं. यंदा आषाढ पौर्णिमेचं, म्हणजे पहिल्या दिवसाचं वाचन आकांक्षाकडे आहे. आकांक्षा बँकेत टेलिफोनवर बसते. तिला जन्मापासून दिसत नाही. गेली दोन वर्षं ती एखाद्या रविवारी वाचायची, मी छापून दिलेल्या ब्रेलच्या पानांवरून. पहिलं वाचन म्हणजे मान असतो, आणि तो तिला मी भांडून मिळवून दिला आहे.

प्रिंटर चालत नाही हे कळल्यावर अध्यक्ष खुशालराव म्हणतात, "ताई, कायले एवढा खटाटोप? पोरीच्या कानात मोबाईल लावू. मोबाईल बोलन तसं ते बोलन. नाहीतं आमची नीलम वाचते." नीलम त्यांची पुतणी.

"मोबाईल बोलन अन् ते बोलन, त्याले वाचणं म्हणत नाही, खुशालभाऊ. त्याले पोपट म्हणतात."

सगळे हसले. मी हसले नाही. माझे आजोबा शाळेच्या पडवीत बसून आतलं ऐकायचे. त्यांना आत घेतलं नाही. ऐकणं आणि वाचणं यातला फरक मला कोणी शिकवू नये.

शेवटी असं ठरलं की पौर्णिमेच्या आत पानं आकांक्षाच्या हातात आली तर ती वाचेल, नाहीतर नीलम. आकांक्षा कोपऱ्यात बसून होती. "मॅडम, मी एक सांगू काय?" म्हणाली. मी म्हटलं, "तू काहीच काळजी करू नको. मी आहे ना."

३ जून

ताहेरला तीनदा फोन. उपाय आहे. ज्या आवृत्तीत तो ड्रायव्हर अजून होता तिचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, इंटरनेटवरून उतरवायचा, आपल्याला हवं ते त्यात चालू ठेवायचं आणि कर्नेल आपल्या हाताने कम्पाइल करायचा, म्हणजे त्या मजकुराचं यंत्राला कळेल असं रूप करायचं. "पर आपसे नहीं होगा मॅडम, मी येतो ना पुढच्या महिन्यात," म्हणाला. आपसे नहीं होगा! याला अपूर्णांक कोणी शिकवले?

सोर्स उतरवला. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, असा खुला ठेवलेला आहे. ज्यांनी आम्हाला बाहेर काढलं त्यांनीच काढायच्या आधीचं सगळं जसंच्या तसं जपून ठेवलं आहे. एवढं तरी बरं केलं.

दुसरा संताप. कंप्युटरच्या खणात इअरफोन सापडला. वाचनालय दुपारी बंद असतं, किल्ली जाईबाईकडे. ती विहार झाडते, पुसते. "कोण गाणे आयकते इथं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "मले काय माईत बाई, मी झाडू का पाहू?" आणि माझ्याकडे न पाहता बादली उचलून गेली. मी पाटी लिहून लावली, कंप्युटरला हात लावू नये. जाईबाईला बजावून सांगितलं की यापुढे कोणाला आत सोडलं तर समितीपुढे तुझं नाव घेईन.

८ जून

आज कर्नेलची मांडणी. ही मंडळी हजारो प्रश्न विचारतात. हे ठेवायचं? ते ठेवायचं? प्रत्येकापुढे हो किंवा नाही. ताहेर म्हणाला होता, कळत नसेल ते तसंच राहू द्या. पण मग कम्पाइल व्हायला जन्म जाईल, आमचा कंप्युटर म्हातारा आहे. म्हणून मी कात्री लावली.

खरं सांगायचं तर फार मजा आली. निवृत्त झाल्यापासून लाल शाई हातात नव्हती. फ्लॉपी? नाही. वायफाय? आमच्याकडे तार आहे, नाही. ब्लूटूथ, टीव्हीचं कार्ड, कंप्युटरवर खेळायचे दांडे? नाही, नाही, नाही. हे कोण वापरतं आमच्याकडे? आवाजाला नाही म्हणताना तर मी थांबलेही नाही. वाचनालयात आवाज लागतो कशाला? गाणी ऐकणाऱ्यांची परस्पर जिरली. आणि आमचं ते कार्ड, त्याला हो.

९ जून

कम्पाइल सुरू केलं. ओळी सरसर वर जात होत्या. कूलर माझ्याकडून काढून कंप्युटरकडे वळवला आणि मी घामाघूम बसले. दुपारी लाइट गेली. वीज कार्यालयाला फोन केला तर म्हणे, "मॅडम, झाड पडलं." कुठलं झाड ते सांगेनात.

१३ जून

काल कम्पाइल पूर्ण झालं. आज नव्या कर्नेलवर कंप्युटर सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर पॅनिक हा शब्द. यंत्रालाही धास्ती बसते हे मला माहीत नव्हतं. ताहेरला फोटो पाठवला. त्याला हसू आवरेना.

"मॅडम, डिस्क वाचायचंच बंद केलं तुमी. घर बनाया और दरवाजा निकाल दिया!"

मीच नाही म्हटलं होतं. नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणून. पण मग हे लोक नावं अशी ठेवतात कशाला? जुना कर्नेल निवडून कंप्युटर उठवला आणि ते एक कलम परत चालू केलं. बाकीचं तसंच ठेवलं, बाकीचं बरोबरच आहे.

१८ जून

चालला! कार्ड ओळखलं, प्रिंटर धडधडला. जाईबाई बाहेर झाडत होती, ती दचकून आत आली. मी तिला धरून हलवलं. खुशालरावांना फोन केला आणि फक्त एवढंच म्हटलं, "प्रिंटरचा आवाज आयका."

कोण म्हणतं वापरणारे उरले नाहीत?

२२ जून

जाईबाई विचारते, "बाई, कंप्युटर मुका झाला काय?"

"मुकाच पाहिजे. तुले कायले चौकशी?"

"मले काय करा लागते," म्हणाली आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडत राहिली. वय झालं तिचं.

संध्याकाळी आकांक्षा आली. मला वाटलं आनंदाने काही बोलेल. तर विचारते, "मॅडम, छापायच्या आधी तुमी ते फाइल एकडाव तपासता काय?"

"तपासायचं काय त्यात? मी मजकूर टाकते, प्रोग्राम त्याचं ब्रेल करते. मांगच्या दोन्ही वर्षी एक तरी चूक होती काय?"

"नव्हती."

"मंग? प्रोग्रामच तसा आहे."

"हो काय?" एवढंच म्हणाली. आभाराचा शब्द नाही. मी कूलरशिवाय बसले, वीजवाल्यांशी भांडले, त्याचं काही नाही. मनाला लागलं, लागलं म्हणून लिहिते.

५ जुलै

जाड कागद नागपूरहून आज आला. पूर्ण प्रकरण छापलं, पानं लावली, दोऱ्याने शिवली आणि स्वतः आकांक्षाच्या घरी नेऊन दिली. तिच्या आईने चहा केला. आकांक्षाने मांडीवर घेऊन पहिल्या पानावरून बोट फिरवलं आणि तळाशी आल्यावर थांबली. मला वाटलं, भरून आलं असेल.

७ जुलै

सकाळी आकांक्षाचा फोन. "मॅडम, प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब आहे."

मी म्हटलं, "असं कसं होईल? कागद नवा आहे, जाड आहे. तुया बोटाले लागत नसन."

मग म्हणाली, "माया बोटाले?"

तरी मी पुन्हा छापायला बसले. फाइल तीच, प्रोग्राम तोच, आला तसाच गठ्ठा. ठिपके मोजून पाहायचा प्रयत्न केला पण मला ब्रेल येत नाही. मला दिसतं आहे ना, पान गच्च भरलेलं आहे. पहिल्या वाचनाचं दडपण आलं असेल तिला. गठ्ठा देऊन आले आणि धीर दिला.

१० जुलै, पौर्णिमा

विहार भरलेला. त्रिशरण-पंचशील झालं. आकांक्षा पांढऱ्या साडीत माईकसमोर बसली, पानं उघडली. काय वाचते पोरगी! कुठे अडखळणं नाही, घाई नाही. माझ्या शेजारी जाईबाई हात जोडून बसली होती. मी खुशालरावांकडे मान वर करून पाहिलं.

पान संपलं. आकांक्षा थांबली आणि माईकमध्ये म्हणाली, "इथं एक ओळ छापली नाही."

पान उलटून पुढे वाचू लागली. त्या पानाच्या शेवटी पुन्हा तेच. "इथं एक ओळ छापली नाही." तिसऱ्या पानाला कुजबुज सुरू झाली. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाले, "अवं, तुले तं पाठ असन. म्हणून टाक ना!"

आकांक्षाने पानावरचं बोट उचललं नाही. "काका, मी वाचून राहिली, पाठ म्हणून नाही राहिली. जे कागदावर नाही ते कसं वाचू?"

मग नीलम उठली, हो, त्यांची नीलमच, ग्रंथ घेऊन आकांक्षाशेजारी जाऊन बसली. पुढे प्रत्येक पानाअखेरीची ओळ नीलमने वाचली आणि बाकी सगळं आकांक्षाने. वाचन पूर्ण झालं. लोक म्हणाले छान झालं. मी कोणाशी न बोलता घरी आले.

चारचौघांत माझं नाक कापलं. प्रोग्राम बिघडला असेल तर मला घरी सांगायचं. फोनवर सांगितलं होतं म्हणा. पण असं माईकवर?

११ जुलै

सकाळीच विहारात गेले. जाईबाई पायऱ्या धूत होती. मला पाहून तिने झाडू खाली ठेवला.

"बाई, मायं नाव घ्या समितीपुढं. मीच कुलूप खोलून देत जाओ तिले."

"कोणाले?"

"आकांक्षाले. बँकेच्या दुपारच्या सुट्टीत यायची. ते कानात घालून कंप्युटर आयके, अन् तुमच्या फाइलीतल्या चुका काढे. दोन वर्स झाले."

मी पायरीवर बसले, ओल्या पायरीवर. पातळ भिजलं.

तो प्रोग्राम पहिल्यापासून पानाची शेवटची ओळ गिळत होता. आकांक्षा मी मजकूर टाकल्यावर दुपारी येऊन, कंप्युटर जे बोलेल ते ऐकत ऐकत एकेक पान दुरुस्त करून ठेवायची आणि संध्याकाळी मी येऊन छापायचे. एक चूक नाही म्हणून गावभर सांगायचे. यंदा ती आली तेव्हा कंप्युटरला वाचाच नव्हती.

बँकेची सुट्टी होईपर्यंत थांबले आणि मग तिला गाठलं. माझा पारा चढलेलाच होता. "दोन वर्षं लपवलं माह्यापासून? मी काय वाघ आहो?"

"तुमी पाटी लावली, मॅडम. जाईबाईले धमकी देली. मी सांगतलं असतं तं तिचं काम गेलं असतं."

"पाटी आता लागली. त्याच्याआधी काहून नाही बोलली?"

"तुमी बोलू देता काय?" तिचा आवाज चढला. बँकेच्या दारातला चौकीदार पाहायला लागला. "मी तोंड उघडलं का तुमी म्हणता काळजी करू नको. मी म्हटलं ओळ गायब आहे, तं तुमी म्हणता तुया बोटाले लागत नसन. माया बोटाले! त्या ड्रायव्हरवाल्याइनं तुमाले विचारलं नाही म्हून तुमी दीड महिना शिव्या देऊन राहिल्या. आवाज बंद करताना तुमी कोणाले विचारलं?"

रागाने कान तापले होते आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. तिच्यावर काढायला जागा नव्हती, खुशालरावांवरही नव्हती. ऑटोत बसून घरी आले. जेवले नाही.

रागावले ते माझ्यावरच, एवढं लिहून ठेवते. दुसरं कोणी उरलं नाही.

१३ जुलै

रविवार. पाटी काढली. जाईबाईसमोर काढली, तिने पाहावं म्हणून. ती म्हणाली, "खिळा तरी राहू द्या, क्यालेंडर लावाले होते."

आकांक्षाला निरोप पाठवला होता. येईल असं वाटत नव्हतं, पण आली. नवी मांडणी करायला बसलो. मी एकेक कलम वाचायचं, मराठीत सांगायचं आणि तिने ठरवायचं. आवाजाला तिने अर्थात हो म्हटलं. मग ब्लूटूथ आलं. मी म्हटलं, "हे तं नाही लागत ना आपल्याले?"

"राहू द्या. कोणाले लागत असन."

"कोणाले?"

"माईत नाही. म्हणून तं राहू द्या."

या वेगाने पेपर तपासले असते तर पोरं म्हातारी होऊन पास झाली असती. मी हे बोललेही. ती पहिल्यांदा हसली, पण कलम एकही गाळू दिलं नाही.

१५ जुलै

कर्नेल काल दिवसभर कम्पाइल होऊन तयार झाला. आज आकांक्षाच्या दुपारच्या सुट्टीत सुरू केला. आधी प्रिंटर पाहिला, चालतो. मग कंप्युटर एकदम बोलायला लागला, इतक्या चिरक्या बाईच्या आवाजात की मला वाटलं शाळा तपासणी अधिकारी आल्या. हा आवाज आकांक्षा दोन वर्षं कानात घालून ऐकत होती. मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तिने पुढच्या रविवारचं प्रकरण उघडलं आणि तिसऱ्या मिनिटाला गिळलेली ओळ पकडली. तिची बोटं कळफलकावर चालतात ती पाहून मला माझं गणित फळ्यावर चालायचं ते आठवलं. बोलायचं नाही असं ठरवूनच आले होते.

मग ती म्हणाली, "मॅडम, मले कंप्युटरवर माया नावानं खातं पाहिजे. चोरून तुमच्या खात्यातून नाही करणार आता. अन् पूर्ण अधिकाराचं पाहिजे."

पूर्ण अधिकार म्हणजे ती या कंप्युटरमध्ये काहीही घालू शकते, काहीही बंद करू शकते, माझं खातंसुद्धा. तोंडावर आलं होतं की समितीला विचारावं लागेल. गिळलं. खातं उघडलं, अधिकार दिले. पडद्यावर पासवर्डचा रकाना आला.

"हं, टाक," मी म्हटलं.

ती तशीच बसून राहिली, बोटं कळफलकावर ठेवून. "मॅडम, तिकडं पाहा."

"तुले काय माईत मी कुठं पाहून राहिली?"

"तुमचा श्वास इकडूनच येऊन राहिला."

मला राग आला. मी हा कर्नेल उभा केला, मी लगेज तिकिटासाठी भांडले, आणि मला म्हणते तिकडं पाहा. मी खुर्ची फिरवली. ती मुद्दाम जोरात वाजवली, तिला कळावं म्हणून. समोर भिंत आणि भिंतीवर तो रिकामा खिळा. मागे टकटक सुरू झाली आणि बराच वेळ चालली, म्हणजे पासवर्ड लांब आहे.

"काय ठेवला?"

"सांगत नसतात, मॅडम."

ती झालं म्हणेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसले.